‘वावर कोनाचं?’ : वऱ्हाडीतल्या ‘आपण’ आणि ‘स्वतः’वर पहिल्यांदा काम करणाऱ्यांसाठी

पहिल्या खेपेला मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात चाळीस वाक्यं टाइप करून नेली होती. प्रत्येक वाक्यापुढे दोन चौकटी, बरोबर आणि चूक. चार दिवस फिरले, अकरा जणांना विचारलं, आणि अकराही जणांनी चाळीसच्या चाळीस वाक्यं बरोबर ठरवली. त्यात सहा वाक्यं मी मुद्दाम मोडून ठेवली होती, तीही. एक आजी तर म्हणाल्या, “तुमी लिवून आनलं म्हनल्यावर चूक कसं राहीन, बाई?”

ते कागद अजून माझ्याकडे आहेत. त्यांचा उपयोग शून्य. तुमचे ते चार दिवस वाचावेत म्हणून हे लिहितेय. भाषाविज्ञानात एमए किंवा पीएचडी करणारे, सर्वनामांच्या वाक्यरचनेवर प्रबंधिका घेतलेले आणि विदर्भातल्या खेड्यात जाऊन माहिती गोळा करणार असलेले, असे वाचक मी धरून चाललेय. गाव तुमचंच असेल तर पाचवी आणि सहावी पायरी दोनदा वाचा. घरच्या माणसांची चूक जास्त होते, माझी झाली.

पायरी १ : प्रश्न एका ओळीत बसवा

‘वऱ्हाडीतील सर्वनामे : एक अभ्यास’ हा विषय नाही, हा ग्रंथ आहे. तुमचा प्रश्न असा हवा: अमुक जागी अमुक सर्वनाम आलं तर ते वाक्यातल्या कोणाकडे बोट दाखवू शकतं, आणि कोणाकडे दाखवूच शकत नाही?

पुस्तकांत याला अ‍ॅनाफोरा म्हणतात. आपल्याकडे पाणिनीच्या सूत्रांतला ‘अन्वादेश’ हा शब्द याच्या जवळचा आहे, म्हणजे एकदा उल्लेख झालेल्याचा पुन्हा उल्लेख. सर्वनाम ज्याच्याकडे बोट दाखवतं त्याला मी माझ्या वहीत ‘धनी’ लिहिते. तो शब्द या लेखातही वापरेन.

सिद्धांत किती यायला हवा? चॉम्स्की यांनी १९८१ साली मांडलेली तीन तत्त्वं तोंडपाठ हवीत. ती अशी. स्वतः, एकमेक यांसारख्या शब्दांचा धनी त्यांच्याच छोट्या वाक्यात सापडला पाहिजे. तो, ती यांसारख्या सर्वनामांचा धनी त्या छोट्या वाक्यात असता कामा नये. आणि नुसत्या नावाला वरून कोणीच धनी नको. म्हणून ‘त्याला वाटतं की रमेश हुशार आहे’ यातला ‘तो’ रमेश नसतो.

यातल्या ‘वरून’ या शब्दामागे सी-कमांड नावाची कल्पना आहे. वर्गात ती झाडाच्या आकृतीवर शिकवतात आणि निम्मा वर्ग झोपतो. घरातलं नातं घ्या: वाक्याच्या झाडातला एखादा घटक आपल्या भावंडावर आणि भावंडाच्या सगळ्या लेकराबाळांवर सत्ता चालवतो, पुढे नाही. ‘रम्याची माय सोताले दोष देते’ यात दोष कोणाला? मायला. रम्या वाक्यात आधी आला, पण तो ‘रम्याची माय’ या घराच्या आत आहे. त्याची सत्ता त्या घराबाहेर जात नाही. हे वाक्य तुमच्या पहिल्या पाचात ठेवा. लोक बिनचूक उत्तर देतात, म्हणजे त्यांना खेळ समजला की नाही तेही तुम्हाला कळतं.

मराठी यात का महत्त्वाची? तर आपल्याकडे ‘स्वतः’ आणि ‘आपण’ अशी दोन आत्मवाचक सर्वनामं आहेत आणि त्यांनी कामं वाटून घेतली आहेत. प्रमाण मराठीतलं हे वाक्य पाहा:

जनी म्हणाली की विजूनं स्वतःला मारलं. (मार विजूला)
जनी म्हणाली की विजूनं आपल्याला मारलं. (मार जनीला)

‘स्वतः’ जवळचा धनी शोधतं. ‘आपण’ला त्याच क्रियापदाचा कर्ता चालत नाही, ते लांबच्या कर्त्याकडे जातं. या वाटणीमुळे मराठी जगभरच्या चर्चेत गेली. काशी वाली आणि के. व्ही. सुब्बाराव यांनी १९९१ साली मराठी आणि तेलुगूच्या सर्वनामांची तुलना केली. मेरी डॅलरिंपल यांच्या १९९३च्या पुस्तकात नॉर्वेजियनच्या शेजारी मराठीची वाक्यं मांडून बसवलेली आहेत. पण या चर्चेतली वाक्यं प्रमाण मराठीची आहेत. ‘सोताले’ आणि ‘आपल्याले’ म्हणणारी माणसं हीच वाटणी पाळतात का, हा तुमचा प्रश्न होऊ शकतो. एवढा पुरे.

पायरी २ : ‘आपण’ आधी निवडून घ्या

तूर निवडायला बसतो तसं. कारण ‘आपण’ हा एक शब्द नाही, निदान पाच आहेत.

‘चाल, आपन जाऊ’ : तू आणि मी.
‘आपण सहकुटुंब उपस्थित राहावे’ : आदराचं ‘तुम्ही’. हे लग्नपत्रिकेत आणि माइकवर. गावात समोरासमोर ‘तुमी’च चालतं.
‘सुमी म्हने का आपन येत नाही’ : सुमी स्वतः. आपल्याला हवं ते हेच.
‘आपल्याले काय मालूम?’ : बोलणारा एकटा, म्हणजे चक्क ‘मला’.
‘मी आपली बसली होती’ : इथे तर ते सर्वनामच नाही. नुसता सूर आहे, ‘उगी, गुपचूप’ असा.

आता माझ्या चाळीस वाक्यांचं काय झालं ते बघा. त्यात ‘मंदानं आपल्याले पाह्यलं’ हे वाक्य होतं. पुस्तकाप्रमाणे ‘मंदाने स्वतःला पाहिलं’ या अर्थानं ते चूक ठरायला हवं होतं. सगळ्यांनी बरोबर म्हटलं. मी वहीत लिहिलं: ‘वऱ्हाडीत नियम वेगळा!’ उद्गारचिन्हासकट. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, “त्यांनी ऐकलं काय?” त्यांनी ऐकलं होतं ‘मंदाने आपल्या सगळ्यांना पाहिलं’. त्या अर्थानं वाक्य अगदी ठणठणीत आहे. ‘बरोबर आहे का’ या प्रश्नाला आलेलं ‘हो’ कोणत्या अर्थाला आलं, हे तुम्हाला कधीच कळत नाही.

म्हणून तो प्रश्न टाकून द्या. या अभ्यासात एकच प्रश्न कामाचा: कोण? किंवा कोणाचं?

‘आपला’ या संबंधवाचक रूपाचा हिशोब वेगळा ठेवा. ‘विजू आपल्या घरी गेला’ यात धनी जवळचाच कर्ता असतो आणि वाक्य सरळ आहे. हिंदीशी गल्लतही इथेच होते. हिंदीत ‘मैं अपना काम करता हूँ’, तर मराठीत ‘मी माझं काम करतो’. नागपूरकडे हिंदी रोजच्या बोलण्यात आहे. कोणी ‘मी आपलं काम करतो’ म्हणालं तर ते हिंदीचं वळण आहे की वरचा पाचवा ‘आपला’, हे त्या एका वाक्यावरून ठरवू नका. नोंद करा आणि पुढे चला.

पायरी ३ : गाव आणि महिना

विदर्भ म्हणजे एक बोली नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळकडे वऱ्हाडी, भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीकडे झाडीबोली, मध्ये नागपुरी. मेळघाटात कोरकू आहे, ती मुंडा कुळातली. गोंडी आणि कोलामी द्राविडी कुळातल्या. यवतमाळ-वाशीमच्या तांड्यांवर घरात गोरमाटी बोलतात. हे सगळे लोक मराठीही उत्तम बोलतात आणि तुमच्या यादीत नकळत येतात. त्यांना वगळा असं मी म्हणत नाही. नोंद मात्र हवीच.

बायकांना माहेर विचारा. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. ज्या बाईला मी अस्सल या गावची समजत होते तिचं माहेर निघालं सिंदेवाहीकडचं, म्हणजे चंद्रपुरातलं, झाडीबोलीच्या पट्ट्यातलं. तिची उत्तरं इतरांशी जुळत नव्हती आणि मी महिनाभर त्यावर सिद्धांत रचत बसले होते.

जुनं काही पाहायचं असेल तर ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड बघा, १९०५चा, पूर्ण मराठीवर. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरीचे नमुने आहेत. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्टच ठिकठिकाणच्या बोलीत सांगून घेतली आहे, त्यामुळे ‘बापाला म्हणाला’ या जागी कोण ‘आपल्या’ घालतं आणि कोण नाही, याची तुलना करता येते. ते भाषांतर आहे हे मात्र विसरू नका. आजच्या बोलण्यासाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेलं मराठी बोलींचं सर्वेक्षण आहे. जिल्ह्याजिल्ह्यातली बोलणी तिथे ऐकायला मिळतात. जाण्याआधी चार-पाच तास नुसतं ऐका, कान बसतो.

महिना कोणता? जून-जुलै पेरणी, डवरणी, निंदण. कोणी तुमच्याशी बोलणार नाही आणि बोलूही नये. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन. मग कापसाची वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर असते. वावरात जाऊन एखाद्या बाईला अर्धा तास थांबवलंत तर तिचा तेवढा कापूस गेला. एप्रिल-मेमध्ये ऊन आणि लग्नं, शिवाय कूलरचा आवाज ध्वनिमुद्रणात असा बसतो की काढता येत नाही. मला जानेवारीचा शेवट ते होळी हा काळ मानवला. तेव्हाही सकाळी नाही, दुपारी तीननंतर किंवा रात्रीच्या जेवणानंतर.

पायरी ४ : कागद आणि सामान

कागद:
– संस्थेचं ओळखपत्र आणि आधारची प्रत
– मार्गदर्शकांचं पत्र, मराठीत. इंग्रजी पत्र पाहून लोकांना वाटतं कर्जाचं किंवा विम्याचं काम आहे.
– संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी. हिला वेळ लागतो, तीन महिने आधी अर्ज टाका.
– माहितीपत्रक, साध्या भाषेत, एक पान
– संमती. सही किंवा अंगठा घेण्यापेक्षा मी तोंडी संमती ध्वनिमुद्रित करते. कागदावर अंगठा म्हटलं की जमिनीचे व्यवहार आठवतात, माणूस आक्रसतो. समितीला हे आधीच लिहून मान्य करून घ्या.

गावात पोचल्यावर सरपंच आणि पोलीस पाटील यांना भेटून पत्राची एक-एक प्रत द्या. परवानगी म्हणून नाही, माहिती म्हणून. नाहीतर तिसऱ्या दिवशी पानठेल्यावर तुमच्याबद्दल वेगळीच गोष्ट फिरते.

सामान: वेव्ह स्वरूपात ध्वनिमुद्रण करणारा रेकॉर्डर, कॉलरला लावायचा माइक, हेडफोन, जादा सेल, दोन मेमरी कार्डं, जाड पुठ्ठ्याची वही. मोबाइल फक्त राखीव म्हणून, तोही फ्लाइट मोडवर. आणि दोन गोटे. गोट्यांचं काम पुढे सांगते.

पैसे: बोलणाऱ्याला मोबदला द्या. दोन तास बसवलं तर निदान अर्ध्या रोजाइतका. काही मार्गदर्शक म्हणतात पैशानं उत्तरं बिघडतात. मला ते पटत नाही. फुकटात बसवलेल्या माणसाची उत्तरं लवकर उठायच्या घाईनं बिघडतात, हे मी पाहिलंय.

पायरी ५ : वाक्यं रचणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला.

माझं एक वाक्य होतं: ‘गजाननानं रमेशले आपल्या वावरात धाडलं.’ प्रश्न: वावर कोणाचं? पुस्तक म्हणतं, ‘आपला’ कर्त्याकडे जातो, म्हणून गजाननाचं. पहिल्याच घरी उत्तर आलं, “गजाननाचंच. रमेशले कुठी वावर हाय? थे तं त्याच्या बापानंच इकलं.” दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी त्या विकलेल्या वावराची पूर्ण कथा. मी गावातली नावं वापरली होती. शंभर टक्के एकमत झालं होतं, आणि ते व्याकरणाचं नव्हतं, सातबाऱ्याचं होतं.

म्हणून पहिला नियम: गावात नसलेली नावं घ्या. गावातल्या मतदार यादीवर नजर फिरवली की कोणती नाहीत ते कळतं. माझ्याकडे शेवटी बाजीराव आणि दौलत उरले.

दुसरा: दोघांनाही समान हक्क द्या. वाक्याआधी तीन-चार ओळींची गोष्ट सांगा. बाजीरावाचं वावर नाल्याकडे, दौलतचं वावर टेकडीकडे. दोघांच्याही वावरात कापूस फुटला. मग वाक्य. गोष्ट नसेल तर ऐकणारा स्वतःची गोष्ट रचतो आणि ती तुम्हाला दिसत नाही.

तिसरा: उलटून पाहा. अर्ध्या लोकांना ‘बाजीरावानं दौलतले’, अर्ध्यांना ‘दौलतनं बाजीरावले’. नावामुळे कल पडत असेल तर इथे पकडला जातो.

चौथा: क्रियापदं बदला. भाषाविज्ञानाच्या पुस्तकांत सारखं कोणीतरी कोणालातरी मारत असतं. गावात ‘मारलं’ म्हटलं की “काहून मारलं?” हा प्रश्न येतो आणि तासभर जातो. ‘पाह्यलं’, ‘बोलावलं’, ‘नाव घेतलं’ ही मवाळ क्रियापदं बरी.

कोणत्या रचना तपासायच्या? सुरुवातीला चार पुरेत. एकेरी वाक्यात कर्म म्हणून ‘सोता’, ‘आपन’, ‘तो’. जोडवाक्यात आतल्या वाक्याचं कर्म म्हणून हेच तीन. संबंधवाचक ‘आपला’ विरुद्ध ‘त्याचा’. आणि ‘ले’ लागलेला कर्ता: ‘सुमीले आपली सासू आवडत नाही’. शेवटची रचना मोठी मजेची आहे. सुमीला ‘ले’ लागलंय, क्रियापद सासूशी जुळतंय, तरी ‘आपली’चा धनी सुमीच होत असेल तर कर्तेपण प्रत्ययावर ठरत नाही असं म्हणायला तुम्हाला पुरावा मिळतो. सासूच्या वाक्यावर बायका हसतात, त्यानं बैठक सैल होते, हा वरचा फायदा.

नंतर जमलं तर प्रयोजक वाक्यं घ्या. ‘मायनं पोराले आपल्या ताटात जेवाले बसवलं.’ ताट मायचं की पोराचं? इथे उत्तरं फुटतात का ते पाहा. बसवणारी माय, पण जेवणारं पोरगं. म्हणजे कर्ते दोन.

एका बैठकीत खरी वाक्यं बारा. त्यांत मिसळायला दुसऱ्याच कशावरची बारा वाक्यं, नाहीतर पाचव्या वाक्याला माणूस तुमचा नियम ओळखतो आणि नियमानं उत्तरं द्यायला लागतो. क्रम प्रत्येकाला वेगळा. पाऊण तासाच्या पुढे जाऊ नका.

पायरी ६ : विचारणं

आधी बोलीबद्दल. तुम्ही प्रमाण मराठीत विचारलंत की उत्तरं ‘शुद्ध’ येतात. माझ्या मावशीनं, जी मला लहानपणापासून ‘काहून वं’ म्हणते, तिनं रेकॉर्डर सुरू होताच ‘मला असं वाटतं की’ सुरू केलं. माझं स्वतःचं वऱ्हाडीही पुण्यात सात वर्षांत पातळ झालेलं. उपाय एकच, गावातलं कोणीतरी विचारणारं हवं. मी बारावी झालेल्या एका मुलीला दोन दिवस शिकवलं, तिला मानधन दिलं. गोष्ट आणि वाक्य ती बोलायची, मी वही घेऊन छपरीच्या कडेला बसायचे.

आता गोटे. दोन वेगळ्या रंगांचे गोटे समोर ठेवा. हा बाजीराव, हा दौलत. गोष्ट सांगा, वाक्य सांगा, विचारा: “वावर कोनाचं?” माणूस गोट्यावर बोट ठेवतो. शब्दांत उत्तर मागितलं की लोक ‘त्याचं’ म्हणतात आणि तुम्ही पुन्हा सर्वनामातच अडकता. बोट ठेवलं की विचारणारीनं मोठ्यानं “काया गोटा” किंवा “पांढरा गोटा” म्हणायचं, म्हणजे ध्वनिमुद्रणात येतं.

पहिलं उत्तर म्हणजे कल. ते मिळालं की थांबू नका. दुसरा प्रश्न विचाराच: “दुसऱ्याचं असू शकते का?” तुमचा खरा माल या दुसऱ्या उत्तरात आहे. सिद्धांताला काय आवडतं यापेक्षा काय अशक्य आहे ते हवं असतं, आणि ‘अशक्य’ हे लोक आपणहून सांगत नाहीत.

नकार कसा मिळवायचा? समोरच्याला तुमच्या तोंडावर ‘चूक’ म्हणणं जड जातं. मी पुण्याच्या एका मैत्रिणीकडून वाक्यं लिहून घेतली. तिला वऱ्हाडी अजिबात येत नाही. मग सांगायचं: “हे माह्या मैत्रिणीनं लिवलं. तिले आपली बोली येत नाही. कुठी गडबड झाली सांगा.” काय सांगू! ज्या आजींनी चाळीस वाक्यं डोळे मिटून मंजूर केली होती, त्यांनी मैत्रिणीची धुलाई केली. “असं कोनी बोलते काय? इथं ‘सोताले’ पायजे.” खोटं बोलायचं नव्हतं म्हणून मी खरोखर मैत्रिणीकडूनच लिहून घेतली होती. तुम्हीही घ्या.

अशी दुरुस्ती म्हणजे सोनं. शब्दशः लिहा. ‘चूक’ एवढंच लिहून पुढे गेलात तर नंतर कळणार नाही की चूक सर्वनामाची होती की तुम्ही ‘पाठवलं’ म्हणालात त्याची.

पारावर, घोळक्यात विचारू नका. एक जण बोलतो, बाकीचे माना डोलावतात. पण शेवटच्या दिवशी एकदा मुद्दाम घोळक्यात टाका. दोन म्हातारे ‘आपल्या’वरून भांडले तर त्या भांडणात तुम्हाला सुचली नसती अशी वाक्यं निघतात. ते पुरावा म्हणून वापरायचं नाही, पुढच्या खेपेची वाक्यं म्हणून वापरायचं.

एक अडचण हमखास येईल. तुम्हाला ‘सुमी म्हने का मंगीनं आपल्याले बोलावलं’ हवं असतं, आणि गोष्ट परत सांगायला लावली की लोक म्हणतात, ‘सुमी म्हने, मले मंगीनं बोलावलं’. सरळ सुमीच्या तोंडचं वाक्य. मला वाटलं, माहिती वाया गेली. तसं नाही. दुसऱ्याचं बोलणं किंवा मनातलं सांगताना त्या माणसासाठी खास सर्वनाम वापरणाऱ्या भाषा आहेत. घाना-टोगोकडच्या एवे भाषेतल्या अशा सर्वनामावर क्लेमेंट्स यांनी १९७५ साली लिहिलं. मराठीचा लांबचा ‘आपण’ त्याच जातीचा आहे का, हा प्रश्न तिथून निघतो. ‘म्हने’च्या जागी ‘सुमीले मालूम नाही का…’ घालून पाहा, म्हणजे बोलणं नाही, विचारही नाही. तिथेही ‘आपल्याले’ सुमीकडे जातो का? मी माझ्या प्रबंधिकेचं अर्धं प्रकरण यावर लिहिलं, आणि सुरुवात वैतागातून झाली होती.

पायरी ७ : लिहून काढणं

त्याच रात्री. उद्यावर टाकलं की संपलं.

जसं ऐकलं तसं लिहा: ‘सोताले’, ‘पाह्यलं’, ‘डोया’, ‘तो म्हनते’. हात आपोआप ‘स्वतःला’ लिहितो, दहा-बारा वर्षं शाळेत तेच केलंय. ‘तो म्हनते’ला ‘तो म्हणतो’ केलंत तर क्रियापदाची जुळणी कशी चालते याचा पुरावाच तुम्ही पुसला.

ध्वनिमुद्रण ऐकत ऐकत ओळीओळीनं लिहून काढायला इलान हे सॉफ्टवेअर आहे, मोफत, नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या माक्स प्लांक संस्थेचं. त्यात ओळी करा: बोली, शब्दशः फोड, प्रमाण मराठी, धनी, शेरा. फोड करताना लाइपझिगचे नियम वापरा. मूळ ओळीत जिथे जोडचिन्ह, तिथे खालच्या ओळीतही. ‘बाजीराव-नं दौलत-ले’ खाली ‘बाजीराव-कर्ता दौलत-ला’. धनी दाखवायला नावांना आकडे द्या, बाजीराव १, दौलत २, आणि सर्वनामापुढे जमणारा आकडा. न जमणाऱ्या आकड्याआधी तारा (*). तारा म्हणजे व्याकरणानंच अशक्य. वाक्य ठीक पण त्या गोष्टीत बसत नाही, तर वेगळी खूण, मी चौकटी फुली करते. सुरुवातीला मी दोन्हींना तारा देत होते. तीन आठवड्यांचं काम पुन्हा ऐकावं लागलं.

पायरी ८ : उत्तरं जुळली नाहीत तर

जुळणार नाहीतच. आधी माहेर, शिक्षण, बाहेरगावी काढलेली वर्षं पाहा. मग तीन-चार दिवसांनी त्याच माणसाला चार वाक्यं पुन्हा विचारा. तो स्वतःशीच जुळत नसेल तर वाक्य संदिग्ध आहे किंवा तुमची गोष्ट कच्ची आहे. तो स्वतःशी पक्का जुळत असेल आणि शेजाऱ्याशी नाही, तर तुमच्या हाती काहीतरी लागलंय. त्याची सरासरी काढून मोडू नका.

आणि तुमचं स्वतःचं मत मोजू नका. सहा महिने ‘आपण’वर वाचलं की कोणतंही वाक्य थोडं बरोबर आणि थोडं चूक वाटायला लागतं. मी आता घरी आईला विचारते. तीही कंटाळलीय.

पायरी ९ : परतीची खेप

निघताना ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती: लॅपटॉप, बाहेरची डिस्क, आणि संस्थेचा सर्व्हर. कार्ड पुसायचं ते तिन्ही उघडून ऐकल्यावर.

प्रबंधिका झाल्यावर गावात पुन्हा जा. प्रबंधिका नेऊ नका, कोणी वाचत नाही. ज्यांनी गोष्टी सांगितल्या त्यांच्या ध्वनिफिती त्यांच्या घरच्यांच्या मोबाइलवर टाकून द्या, त्यांनी हो म्हटलं असेल तर. मी गेले तेव्हा त्या आजी खाटेवर होत्या. नातवानं फोन कानाशी धरला, त्यांनी स्वतःचं बोलणं पूर्ण ऐकलं आणि मला विचारलं, “तुह्या त्या मैत्रिनीले आली का बोली?” मी नाही म्हटलं. “मंग घिऊन ये तिले,” म्हणाल्या. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली यष्टी ठरवलीय, दोघींची.